घरी समजतं तिला

"मॅडम, घरी समजतं हो तिला," असं एका न बोलणाऱ्या मुलीची आई आमच्या शाळेत पहिल्याच भेटीत म्हणाली होती. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत एक ओळ आहे : 'पालकांच्या अपेक्षा मुलीच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच जास्त. समुपदेशनाची गरज.' ती ओळ चुकीची होती आणि ते माझ्या लक्षात यायला पाच महिने गेले. विशेष शिक्षणात काम करणाऱ्यांना आणि अशा मुलांच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणून ते पाच महिने आणि नंतरचं दीड वर्ष इथे सविस्तर मांडते आहे. घरच्यांची संमती आहे. ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

मुलगी आणि तिच्याबरोबर आलेले कागद

मुलगी तेव्हा सात वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं, त्यातला डिस्कायनेटिक प्रकार. हात, पाय, मान, जीभ, चेहरा यांच्या हालचाली तिच्या ताब्यात राहत नाहीत. काही करायचं मनात आणलं की त्या उफाळतात. आनंद झाला, दचकली, तरी उफाळतात. गाढ झोपेत मात्र अंग शांत असतं. जीएमएफसीएस या वर्गवारीत ती पाचव्या, म्हणजे शेवटच्या पातळीवर होती. ही वर्गवारी १९९७ साली आली आणि ती फक्त बसणं, उठणं, चालणं यांबद्दल सांगते. समज किती, याबद्दल त्या आकड्यात काहीही नसतं. तरी 'पाचवी पातळी' म्हटलं की खोलीतल्या माणसांचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. माझाही बदलला असणार.

कागदांत मानसशास्त्रीय चाचणीचा एक अहवाल होता. निष्कर्ष : तीव्र बौद्धिक अक्षमता. चाचणीत ठोकळे रचायचे होते, चित्रावर बोट ठेवायचं होतं, प्रश्नांना तोंडी उत्तरं द्यायची होती. यातली एकही गोष्ट तिच्या शरीराला जमण्यासारखी नव्हती आणि अहवालात तसं कुठेच म्हटलेलं नव्हतं. श्रवणाच्या रकान्यात 'नवजात तपासणी : उत्तीर्ण' असं होतं, त्यामुळे कानांचा प्रश्न मिटला असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

आमच्याकडे न बोलणाऱ्या मुलांसाठी एक ठरलेली खूण होती : 'हो' असेल तर वर बघायचं, 'नाही' असेल तर खाली. पुष्कळ मुलांना ती चांगली जमते. हिच्या बाबतीत तीन महिन्यांत 'हो' जवळजवळ नोंदलंच गेलं नाही. मधूनमधून मात्र एक शेरा यायचा : 'प्रश्न विचारल्यावर अंग ताठ करते, मान मागे टाकते. असहकार.' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.

रिबन

पाचव्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. दार लोटलेल्या खोलीत दोघी बहिणी होत्या. मोठी अकरा वर्षांची. ती धाकटीच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली होती, दोघींचे चेहरे एकमेकींपासून हातभर अंतरावर, एका पातळीत. मोठीच्या एका हातात लाल रिबन होती, दुसऱ्यात निळी. दोन्ही हात धाकटीच्या डोळ्यांसमोर, खांद्याइतके लांब. "ही, की ही?" एकदाच विचारलं आणि ती गप्प बसली. तिचा अंगठा तेवढा मुठीवर हलकेच आपटत होता. नंतर कळलं, ती मोजत होती.

धाकटीचा उजवा हात झटक्याने बाहेर फेकला गेला. मान एका बाजूला गेली, परत आली, तोंड वाकडं झालं. शाळेत एवढ्यात आम्ही 'प्रतिसाद नाही' लिहून पुढच्या चित्राकडे वळलो असतो. मी घड्याळाकडे बघत होते. अकराव्या सेकंदाला तिची नजर निळ्या रिबनवर जाऊन थांबली, मग बहिणीच्या डोळ्यांकडे आली, मग पुन्हा निळ्या रिबनवर गेली.

"निळी," मोठी म्हणाली आणि वेणी घालायला लागली.

मी विचारलं, "नजर चुकून गेली असेल तर? तुला कसं कळतं?"

"ती परत बघते ना. चुकून गेली तर परत नाही बघत." मग जरा थांबून : "शाळेत बाई लगेच दुसरं विचारतात. मग तिची घाई होते आणि हात उडतो."

"आणि 'हो' कसं म्हणते?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मान मागे टाकते की."

त्या संध्याकाळी मी जुन्या नोंदी काढून बसले. सहा चित्रांची पारदर्शक पट्टी आम्ही तिच्यासमोर धरायचो, तीन वर, तीन खाली. चार आठवड्यांच्या नोंदींत वरच्या ओळीतलं एकही चित्र तिने निवडलेलं नव्हतं. चित्रांच्या जागा रोज बदलत होत्या. म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. वरची ओळ तिच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. इतकी ठळक गोष्ट, आणि आम्ही रोज शेवटी फक्त बरोबर-चूक यांची बेरीज करत होतो.

दुसऱ्या दिवशी एक लाल चेंडू तिच्या समोरून सावकाश वर नेला. डोळे चेंडूबरोबर सरळ रेषेपर्यंत आले आणि तिथेच अडले. मग संपूर्ण मान मागे गेली. ती वर बघत होती. डोळे वर जात नव्हते म्हणून मानेने बघत होती. तीन महिने आम्ही तिला 'वर बघ' म्हणत होतो, ती जमेल तसं वर बघत होती आणि आम्ही त्याला असहकार म्हणत होतो.

जन्माची फाइल

निदान करणं माझं काम नाही, पण आईला जन्मापासूनचे कागद आणायला सांगणं माझं काम होतं आणि ते मी पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं.

बाळ पूर्ण दिवसांचं, वजन चांगलं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी आईला ते पिवळं दिसलं. तिने विचारलं, तेव्हा बहुतेक बाळांना कावीळ होते, आपोआप उतरते, असं उत्तर मिळालं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. सहाव्या दिवशी बाळ दूध ओढेना, सुस्त झालं, मग किंचाळल्यासारखं रडायला आणि पाठीची कमान करायला लागलं. दाखल करून रक्तबदल केला. जीव वाचला.

रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, फार वाढलं की ते नवजात बाळाच्या मेंदूत शिरतं. त्यातून होणाऱ्या कायमच्या इजेला कर्निक्टेरस म्हणतात. ही इजा मेंदूभर सारखी होत नाही. हालचालींना वळण देणारे आतले भाग, कानाकडून येणारा संदेश पुढे नेणारे मेंदूच्या देठातले भाग आणि डोळे वर-खाली फिरवणारी केंद्रं ही तिची नेहमीची ठिकाणं. म्हणून या मुलांमध्ये एक ठरावीक चौकडी पुन्हापुन्हा दिसते : अनियंत्रित हालचाली, ऐकण्यातला दोष, नजर वर न जाणं आणि दुधाच्या दातांवरचं एनॅमल कच्चं असणं. विचार करणारा भाग त्या मानाने पुष्कळदा वाचलेला असतो. दातांचं विचारलं, तर आई म्हणाली, "हो, दातांचे डॉक्टर म्हणाले होते, ठिसूळ आहेत म्हणून." चौघांतले तीन समोर होते. चौथा, कान, आम्ही मिटलेला प्रश्न समजून बसलो होतो.

नवजात बाळाच्या काविळीवर दिव्याच्या प्रकाशाने उपचार होऊ शकतो, हे कसं कळलं ते इथे सांगण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात न्यायच्या. अंगाचा उघडा राहिलेला भाग कमी पिवळा आणि झाकलेला जास्त पिवळा, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं, मोजमापं केली आणि १९५८ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रकाशोपचाराचा पहिला अहवाल छापून आला. बाळाला दिवसभर हाताळणाऱ्या बाईने पाहिलेली ती गोष्ट होती.

कान

नवजात बाळांसाठी अनेक ठिकाणी ओएई ही झटपट तपासणी होते. ती आतल्या कानातल्या केसपेशी काम करतात की नाही एवढंच सांगते. कानापासून मेंदूपर्यंतचा पुढचा रस्ता तपासायला बेरा लागते, म्हणजे आवाज ऐकवल्यावर त्या रस्त्यावर उमटणाऱ्या विजेच्या लहरी मोजणारी तपासणी. केसपेशी ठीक आणि रस्ता बिघडलेला, अशा स्थितीला १९९६ पासून ऑडिटरी न्यूरोपॅथी असं नाव आहे. बिलिरुबिनच्या इजेत नेमकं हेच होऊ शकतं, आणि फक्त ओएई केली तर बाळ 'उत्तीर्ण' होतं.

बेरा केली. लहरी जवळजवळ उमटल्याच नाहीत.

ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे श्रवणतज्ज्ञांनी, आईला समजावताना म्हटलं की आवाज तिच्यापर्यंत पोचतो, पण शब्दांच्या कडा पुसून पोचतो. खरखरणाऱ्या रेडिओवरून कुणी बोलत असावं तसं. शांत खोलीत, समोर चेहरा असेल, ओठ दिसत असतील, तर ती बरंच जुळवून घेते. गोंगाटात सगळं विरून जातं. आमच्या वर्गात बारा मुलं, खुर्च्यांचे आवाज, आणि मी बहुतेक वेळा तिच्या बाजूला किंवा मागे उभी राहून बोलायचे.

तेव्हा आईच्या त्या पहिल्या वाक्यातला 'घरी' हा शब्द मला ऐकू आला. घरी म्हणजे दार लोटलेलं, चेहरा समोर, पर्याय आडव्या रेषेत, अकरा सेकंदांची वाट. त्या एका शब्दात चारही अटी होत्या. 'घरी जमतं' असं पालक म्हणाले की मी आता एकच विचारते : घरी कुठे, कुणाबरोबर, किती वाजता, कोण कुठे बसलेलं असताना? मग तसंच शाळेत करून बघते. २०११ साली आलेल्या सीएफसीएस या संवादाच्या वर्गवारीत ओळखीच्या माणसाशी होणारा संवाद आणि अनोळखी माणसाशी होणारा संवाद वेगळे धरले आहेत, ते याच कारणाने. तिथे ती तेव्हाच तिसऱ्या पातळीवर होती : ओळखीच्यांशी नीट. आम्ही अनोळखी होतो.

पडताळणी

एक शंका मात्र बाजूला ठेवून चालणार नव्हतं. हे सगळं मोठ्या बहिणीच्या मनातलं तर नव्हे? १९९० च्या दशकात फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन नावाच्या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला होता. मदतनीस मुलाचा हात धरायचा आणि मूल टाइप करायचं. काटेकोर चाचण्या झाल्यावर दिसलं की शब्द मदतनिसाचे होते, आणि मदतनिसाला स्वतःला ते कळत नव्हतं. प्रेमाने हात धरलेल्या माणसांची ती फसगत होती. म्हणून तपासायलाच हवं होतं.

आई दुखावली. "अजून परीक्षाच का?" मी सांगितलं की उद्या कुणी हिच्या बोलण्यावर शंका घेतली तर आपल्या हातात काहीतरी असावं, म्हणून. पद्धत साधी ठेवली. मदतनीस बाई दुसऱ्या खोलीत तिला एक वस्तू दाखवायच्या : कंगवा, पुस्तक, चप्पल, असं काहीही. मग मी आत जायचे, मला वस्तू माहीत नसायची. दोन चित्रं, डावी-उजवीकडे, एकदाच प्रश्न, पंधरा सेकंद गप्प. बहीण घरात नव्हती. चार दिवसांत वीस वेळा विचारलं, सतरा उत्तरं बरोबर आली. चुकलेली तिन्ही एकाच दुपारची, जेव्हा तिला बसून तास होऊन गेला होता.

विशेष शिक्षणातल्या अभ्यासक ॲन डोनेलन यांनी १९८४ साली 'सर्वांत कमी धोक्याचं गृहीतक' ही कल्पना मांडली : खात्रीची माहिती नसेल तर असं धरून चाला, जे पुढे चुकीचं ठरलं तरी मुलाचं नुकसान कमीत कमी होईल. मी ती प्रशिक्षणात शिकले होते, परीक्षेत लिहिलीही होती. समज आहे असं धरून चुकले असते, तर तिने काही न कळणाऱ्या गोष्टी ऐकल्या असत्या. समज नाही असं धरून मी चुकले, आणि एक मूल पाच महिने उत्तर देत राहिलं.

पाय टेकले तेव्हा

बदलांची सुरुवात पायांपासून झाली, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. तिच्या खुर्चीची पायपट्टी दोन बोटं खाली होती. पाय लोंबकळत आणि तोल सावरण्यात सगळं अंग गुंतून जाई. फिजिओथेरपिस्टनी पायांखाली लाकडी खोका ठेवला, कमरेला पट्टा बांधला, मानेला दोन्ही बाजूंनी आधार दिला. पाय टेकले तसं खांद्यातलं वळवळणं कमी झालं, आणि मान स्थिर झाल्यावर डोळे मोकळे झाले.

'हो'च्या खुणेवरून आमच्यात वाद झाला. मान मागे टाकण्याने तिचं सगळं अंग ताठ होतं, ती सवय वाढू नये असं फिजिओथेरपिस्टचं म्हणणं. ती तिची स्वतःची, तिने शोधलेली खूण आहे, ती आम्ही काढून घेऊ नये असं माझं म्हणणं. शेवटी आईने ठरवलं : शाळेत उजवीकडे बघणं म्हणजे 'हो', डावीकडे 'नाही', पण तिने मान मागे टाकली तर तेही 'हो'च धरायचं, कुणीही तिला परत करायला लावायचं नाही.

ऐकण्यासाठी दूरचा मायक्रोफोन आला. बोलणाऱ्याच्या गळ्यात माइक, आवाज थेट तिच्या कानाशी, वर्गाचा गोंगाट मागे राहतो. श्रवणयंत्राने फार फरक पडला नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र, याबद्दलच्या तपासण्या अजून चालू आहेत. अशा मुलांपैकी काहींना त्याचा चांगला उपयोग होतो, पण घरच्यांना घाई करायची नाही आणि मला ते पटतं.

पट्टी जाऊन वही आली. प्रत्येक पानावर चार गोष्टी, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, वरची जागा मोकळी. समोरचा माणूस पर्याय वाचत जातो, ती नजरेने थांबवते. पूर्वीच्या पट्टीवर तहान, शू, दुखतंय, झोप एवढंच होतं. न बोलणाऱ्यांच्या संवादाच्या अभ्यासक जॅनिस लाइट यांनी १९८८ साली माणसं संवाद का करतात याची चार कारणं मांडली : हवं ते मागणं, माहिती देणं-घेणं, जवळीक आणि रीतभात. आम्ही तिला फक्त पहिलं दिलं होतं, तेही रुग्णाच्या उशाला ठेवतात तसं. नव्या वहीत 'ऐक ना', 'मजा आली', 'कंटाळा', 'गुपित', 'नको' आणि 'चुकलं, परत वाच' आलं. सहा आठवडे तिच्याकडून कशाचीही अपेक्षा न ठेवता आम्ही स्वतः ती वही वापरून तिच्याशी बोललो. बोलणारं मूलसुद्धा आधी वर्षभर नुसतं ऐकतंच.

तिचं वहीतलं पहिलं आपणहून बोलणं मला उद्देशून होतं. मी तिची नजर नीट न बघता पुढचं पान उलटलं. तिने आवाज काढला. मी मागे गेले, सगळे पर्याय पुन्हा वाचले. ती 'चुकलं'वर थांबली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा 'चुकलं'वर गेली, आणि इतकी हसली की पाय खोक्यावरून निसटले.

घर

बेराचा निकाल आल्यावर आई दोन आठवडे शाळेत आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "दोनदा सांगितलं होतं, मॅडम. पिवळी दिसतेय म्हणूनही मीच सांगितलं होतं." मी तिला समजावायला गेले नाही. माझ्या नोंदवहीतली ती पहिली ओळ तिला दाखवली आणि माफी मागितली. तिने ती दोनदा वाचली. त्यानंतर ती मुलीच्या नियोजनाच्या बैठकीत आमच्या शेजारी बसते, समोर नाही, आणि घरची निरीक्षणं आमच्या नोंदींसारख्याच तारखा घालून लिहून आणते.

वडील कमी बोलणारे. वही त्यांनी एकट्याने शिकून घेतली. त्यांना वाट बघणं सगळ्यात जड गेलं. पाच सेकंदांत तोंडातून पुढचा शब्द निघून जायचा. मग ते पाठीमागे हात नेऊन बोटांवर मोजायला लागले.

मोठीबद्दल मात्र आमची दुसरी चूक होता होता राहिली. धाकटीचं सगळं तिला कळतं हे समजल्यावर सगळेच मोठीला बोलवायला लागले. शाळेतून निरोप जायचा, डॉक्टरांकडे तिला न्यायचे, नातेवाईक आले की "विचार गं तिला". एकदा ती स्वतःची परीक्षा बुडवून आली. मी विचारलं तेव्हा आधी "चालतं" म्हणाली, मग रागाने म्हणाली, "मी नसले की कुणी तिच्याशी बोलतच नाही." त्या दिवसापासून नियम केला : दुभाषाचं काम मोठ्यांचं. तिने खेळावं, भांडावं, रुसावं. मोठ्यांपैकी घरात दोन आणि शाळेत तीन माणसं वहीत तयार झाल्यावरच हा नियम खऱ्या अर्थाने पाळता आला, हेही सांगायला हवं.

आत्ता

मुलगी आता जवळजवळ नऊ वर्षांची आहे. अक्षरांची सुरुवात झाली आहे. आपल्या नावाचं पहिलं अक्षर चारांतून ओळखते, बाकीचं सावकाश चाललं आहे. थकली की उत्तरं बिघडतात, म्हणून अभ्यास वीस मिनिटांचा. जुना अहवाल फाइलमध्ये तसाच आहे, त्याच्यावर नवं टिपण लावलं आहे : कोणत्या अटींत, काय विचारल्यावर, किती वेळ थांबल्यावर ती काय सांगते. नव्या शिक्षकाने आधी ते वाचायचं.

गेल्या महिन्यात ती एका पानापाशी सारखी थांबायची आणि मग चारही पर्यायांना 'नाही' म्हणायची. आठ दिवस आम्हाला उमगेना. आईच्या लक्षात आलं. वहीत उत्तरं भरपूर होती, प्रश्न एकही नव्हता. आम्ही 'कोण', 'कुठे', 'केव्हा' आणि 'का' यांचं पान जोडलं.

सोमवारी आई तिला घ्यायला आली. मुलीने ते पान मागितलं. 'का'. मग माणसांच्या पानावर 'ताई'. मग जागांच्या पानावर 'शाळा'. ताई माझ्या शाळेत का नाही, असं असावं. आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मुलीचा हात फेकला गेला, मान एका बाजूला गेली आणि परत आली. तिची नजर अजून कुठेच स्थिरावली नव्हती. तिचं बोलणं संपलं नव्हतं.